सहा नर आणि एक करडी

विलेम स्कोपालला मी उभा जन्म कॉफी ओतून दिली, पण 'छान झालीये' हे त्याच्या तोंडून कधी ऐकलं नाही. गाळ जास्त आहे, साखरेला ओल लागलीये, कपाचा टवका उडालाय, एवढंच यायचं त्याच्या तोंडून. प्शेरोवच्या यार्डात मालगाडी येऊन थांबली की हा लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठल्या चाकाला भेग आहे ते सांगायचा. त्याने तपासलेली गाडी कधी रुळावरून घसरली नाही, हे खरं. पण दिवसभर खोट हुडकणारा माणूस संध्याकाळी ती सवय खुंटीला टांगून घरात शिरत नाही. ते त्याच्या बायकोला, हेद्विकाला विचारावं.

माझं नाव ओतिलिये. माझा नवरा पोल्दा आमच्या मत्स्यमंडळाचा, म्हणजे घरी टाकीत मासे पाळणाऱ्यांच्या मंडळाचा, अध्यक्ष होता. दर रविवारी सकाळी रेल्वे कामगारांच्या सभागृहात माशांचा बाजार भरायचा. लांब लाकडी टेबलं, त्यांवर काचेच्या बरण्या, आणि बरण्यांमागे डोळे बारीक करून बसलेले पुरुष. मी कोपऱ्यात कॉफी ओतायची, हेद्विका शेजारी उभी राहून कप विसळायची. मला स्वतःला मासा तळलेलाच आवडतो, बटाट्याच्या सॅलडबरोबर. हे मी सभागृहात एकदा बोलले होते, तेव्हा पोल्दाने दोन दिवस अबोला धरला.

मंडळाच्या दोन रीती होत्या, त्या सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पहिली अशी, की नव्या माणसाने आपल्या टाकीसाठी मासे स्वतः निवडायचे नाहीत. त्याने घरून एका बरणीत आपल्या टाकीतलं पाणी आणायचं, टाकीत जी जी वनस्पती लावली असेल तिची एकेक काडी त्या पाण्यात घालायची, आणि बरणी टेबलावर ठेवून गप्प उभं राहायचं. मग कुणीतरी जुना सभासद ती उचलून उजेडात धरायचा, हुंगायचा, काडी चिमटीत चेपून पाहायचा, आणि तुझ्या टाकीत कोण नांदेल ते सांगायचा. सोनमासे झाडं कुरतडतात, मोठे मासे मुळं उकरतात, कुणाला पाणी जड लागतं तर कुणाला हलकं. सून निवडताना घालणार नाहीत एवढा घोळ घालायचे.

दुसरी रीत उपड्या बरणीची. एखाद्याच्या घरी एखादा वाण पुरता मेला, तर त्याने रविवारी येऊन आपली रिकामी बरणी टेबलावर उपडी ठेवायची. तोंडाने काही मागायचं नाही. त्याच्याकडून ज्यांनी ज्यांनी तो मासा नेला असेल, त्यांनी पुढच्या रविवारी त्यातले काही परत आणून द्यायचे. आमच्यात म्हणच होती, दिलेलं तेवढंच राहतं. म्हणून शहाणा माणूस आपला उत्तम वाण आधी दुसऱ्याला द्यायचा, तोही जोडीने.

स्कोपाल शहाणा होता, पण या बाबतीत नव्हता.

त्याचा मासा म्हणजे गप्पी. हसू नका. डास खायला विहिरीत सोडतात तोच हा मासा, पण स्कोपालच्या हातून त्याचं सोनं झालं होतं. नराचं अंग बाटलीच्या काचेसारखं हिरवं, आणि शेपटीच्या खालच्या कडेला तांब्याच्या रंगाचं लांब सरळ पातं. सगळे त्याला 'स्कोपालची तलवार' म्हणायचे. ब्रनोहून, ओस्ट्राव्हाहून माणसं बघायला यायची. मादी मात्र कुठल्याही गप्पीची असते तशीच, करडी, पोटाने जाड, डोळ्यांत न भरणारी. या वाणाची पहिली जोडी हेद्विकाने लग्नात आणली होती. लग्नाआधी ती ओलोमोउत्सला एका डॉक्टरांच्या घरी कामाला होती. निघताना डॉक्टरीणबाईंनी तिला एक जोडी दिली, ती लोणच्याच्या बरणीत घालून, मांडीवर धरून ती आगगाडीने आली. हे मला हेद्विकाने सांगितलं. स्कोपालच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

कुणी झाडं लावलेली टाकी केली की त्याला स्कोपालची तलवार हवी असायची. स्कोपाल द्यायचाही, कद्रूपणा करायचा नाही. फक्त नर द्यायचा.

"हिरव्या झाडीत नरच शोभतात," तो म्हणायचा. "मादी कशाला? रंग ना रूप. खाणार, फुगणार, महिन्याला पिल्लं काढणार. चार महिन्यांत तुमची बाग राहणार नाही, कोंडवाडा होईल."

यात खोटं काही नव्हतं, हीच तर गंमत. सल्ला बरोबर होता. दाट हिरव्या झाडांत सहा नर सोडले की टाकी अशी दिसायची, की बघणाऱ्याने पापणी मिटू नये. पण नरांची टाकी म्हणजे वर्षा-दोन वर्षांची शोभा. ते म्हातारे होऊन मेले की पुन्हा स्कोपालकडे यायचं. सगळ्यांना कळत होतं की तो बेणं हातचं सोडत नाही. पोल्दा एकदा म्हणालाही, "अरे, एखादी मादी दे की कुणाला. उद्या तुला काही झालं तर?"

"मला काय धाड भरलीये?" स्कोपाल म्हणाला.

जास्त झालेल्या माद्या तो वाढवत नसे. न्हाणीघरात एका टाकीत त्याने एक मोठा खादाड मासा पाळला होता, त्याला घालायचा. म्हणजे घालायला हेद्विकाला सांगायचा. एकदा मी त्यांच्याकडे पीठ मागायला गेले होते, तेव्हा ती हातात जाळी धरून न्हाणीघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि जाळी पाठीमागे धरली, चोरी पकडल्यासारखी. मी पीठ घेतलं आणि निघाले. कुणाच्या घरात किती डोकवायचं, याला काही मर्यादा असते.

त्या पानगळीत आपोलेना तोमानोव्हा आली. लोकरीच्या गिरणीतून नुकती निवृत्त झालेली, धिप्पाड, दणदणीत आवाजाची विधवा. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी लग्न करून स्लोव्हाकियात. तिने बेच्वा नदीकाठच्या आपल्या एका खोलीत, कोळशाच्या शेगडीशेजारी टाकी मांडली होती आणि त्यात इतकी झाडं लावली होती, की तिच्या बरणीत पाणी कमी आणि काड्याच जास्त होत्या. खाली तर शेवाळाचा हा एवढा पुंजका.

स्कोपालने बरणी उजेडात धरली, हुंगली. "पाणी बरंय. झाडी फार झालीये. शेवाळ काढून टाका, घाण धरतं."

"मला आवडतं शेवाळ," तोमानोव्हा म्हणाली.

"मग ठेवा." त्याने आपल्या बरण्यांतून सहा नर निवडले. निवडताना त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा, हे मात्र मी कबूल करते. एकेक मासा जाळीत घेऊन वळवून पाहायचा, पात्याची धार सरळ आहे का, हिरव्यात कुठे पिवळं उतरलंय का. ज्यात तीळभर खोट असेल तो परत. तोमानोव्हाने ते सहा नर पाहिले आणि तिचे डोळे लहान मुलीसारखे झाले. मग तिने विचारलं, "आणि यातली आई कुठली?"

सभागृहात हशा पिकला.

"आई नाही यांच्यात," स्कोपाल म्हणाला. "सगळे नर आहेत."

"सहा पुरुष आणि बाई एकही नाही? मग आवरणार कोण?"

पुन्हा हशा. पोल्दा तर डोळे पुसत होता. स्कोपाल तेवढा हसला नाही. "बाई, झाडांमध्ये मादी शोभत नाही. उगाच चित्र बिघडतं."

"मी चित्र नाही मांडलेलं, घर मांडलंय," ती म्हणाली. पण नेले तिने सहा नर, रीत होती ना. जाताना कप ठेवायला ती आमच्या कोपऱ्यात आली आणि हेद्विकाशी काहीतरी हळू बोलली. मला वाटलं, कॉफीबद्दल असेल.

मग आलं ते नववर्ष. आमच्याकडच्या माणसांना साल सांगावं लागत नाही. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पाऊस पडत होता, लोक उघड्या कोटाने फिरत होते, आणि संध्याकाळपर्यंत अशी थंडी कोसळली की अंगणातलं डबकं पायाखाली दगड झालं. रुळांचे सांधे गोठले, मालगाड्यांतला कोळसा गोठला, आणि वीज गेली. महिनाभर शाळा बंद होत्या. नववर्षाच्या सकाळी काय झालं ते हेद्विकाने मला पुढे सांगितलं, एका दमात, माझ्याकडे न बघता.

त्यांच्या घरात माशांच्या दोन जागा होत्या. बैठकीच्या खोलीत शो-केससारखे मांडलेले नर, पाहुण्यांना दाखवायला. आणि उत्तरेच्या खोलीत माद्या, पोटुशा, पिल्लं, सगळं बेणं. ते पाहुण्यांना दाखवायचं नसे. रात्रभर हीटर बंद होते. सकाळी स्वयंपाकघरात तेवढी चूल पेटलेली होती, तिच्यावर नववर्षाला शकुनाची म्हणून करतात ती मसूर शिजत होती. चुलीच्या कडेला मोजकी पातेली मावत होती, बस्स. स्कोपाल जाळी घेऊन बैठकीच्या खोलीत शिरला.

"विलेम, आधी माद्या काढ," हेद्विका म्हणाली.

"त्या जाड असतात, टिकतात," तो म्हणाला. "नर नाजूक."

आणि त्याने नर काढले. तेही निवडून. श्वासाची वाफ होत होती, तरी हा पात्याची धार बघत होता. चांगला, चांगला, हा नको, हा चांगला. पातेली भरली. तोवर वेळ गेला तो गेलाच. मग तो किटलीभर कढत पाणी घेऊन उत्तरेच्या खोलीत धावला आणि बर्फगार टाकीत ओतलं. एवढा जाणता माणूस! शाळेतलं पोरही सांगेल, गार काचेवर कढत पाणी ओतू नये. हेद्विका म्हणाली, काच तडकल्याचा आवाज झाला तसा तो तिथेच उभा राहिला. खाली वाकला नाही, काही वेचायला गेला नाही. नुसता ऐकत राहिल्यासारखा उभा होता. पाणी त्याच्या चपलांवरून वाहत गेलं. बाकीच्या टाक्यांत जे होतं ते आधीच उलटं होऊन तरंगत होतं.

चुलीशेजारचे नर जगले. अगदी देखणे नर.

सभागृह तापवायला कोळसा नव्हता, म्हणून बाजार थेट फेब्रुवारीत भरला. स्कोपाल आला, कोट न काढता टेबलाशी गेला, आणि त्याने आपली बरणी उपडी ठेवली. मी हातातली किटली खाली ठेवली. मला त्याचा राग होता, जुना आणि पुष्कळ. तरी तो वाकून बरणी ठेवत होता ते मला बघवेना. म्हातारपणी माणसाने असं उभं राहू नये.

पुढच्या रविवारी सगळे आले. एक जण नाही आला असं झालं नाही. कुणी बरणी कोटाच्या आत धरून आणली होती, कुणी लोकरीच्या पायमोज्यात गुंडाळून. प्शेरोवमधून स्कोपालने ज्याला ज्याला दिले होते, आणि ज्याच्याकडचे थंडीतून वाचले होते, त्या प्रत्येकाने आपली बरणी त्या लांब टेबलावर ठेवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवं आणि तांबं. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन आलं आणि टेबल असं झगमगलं की पोल्दाच्या तोंडून "अहाहा" निघालं. मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो गप्प झाला.

स्कोपाल टेबलाच्या एका टोकापासून चालू लागला. प्रत्येक बरणीशी थांबायचा, वाकायचा, पुढे जायचा. नर. नर. नर. यार्डात चाकं बघत जायचा तसाच जात होता, फक्त हातात हातोडी नव्हती. त्याला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत होतं. त्यानेच निवडून दिले होते, त्याचा हात कधी चुकला नव्हता. तरी तो एकही बरणी न वगळता पाहत गेला. आयुष्यात एकदा तरी आपल्या हातून चूक झाली असावी म्हणून धडपडणारा माणूस मी तेवढाच पाहिला.

शेवटच्या टोकाला तोमानोव्हा उभी होती. तिच्या बरणीत सहा नर होते, ताजेतवाने. "सहाच्या सहा आहेत हो," ती म्हणाली. "रात्री माझी पिसांची रजई टाकीवर घातली आणि मी कोट घालून झोपले."

"आभारी आहे," स्कोपाल म्हणाला. आवाज कोरडा होता. त्याने बरणीकडे पाहिलं आणि मान वळवली.

"छोटे पण आणायचे होते का?" तिने विचारलं. "मला रीत नीट माहीत नाही. मी म्हटलं, एवढ्या थंडीत लेकरं कशाला बाहेर काढा."

"कुठले छोटे?"

"शेवाळात आहेत ते. करडीचे."

"बाई," स्कोपाल म्हणाला, "मी तुम्हाला नर दिले होते. नरांना पोरं होत नाहीत."

एरवी सभागृह गडगडलं असतं. पण कुणी हसलं नाही. तोमानोव्हाने तोंड उघडलं, आणि मग तिची नजर आमच्या कोपऱ्याकडे गेली. माझ्या शेजारी हेद्विका कप पुसत होती. तिने तो कप हळूच खाली ठेवला, फडका घडी करून त्याच्याशेजारी ठेवला, आणि म्हणाली, "मी दिली तिला एक. तू न्हाणीघरातल्या माशाला घालायला काढली होतीस त्यातली. वाकड्या पाठीची होती."

स्कोपाल तिच्याकडे बघत राहिला. सगळं सभागृह बघत होतं. मी म्हटलं, आता हा ओरडला तर किटली याच्या डोक्यात घालेन. पण तो ओरडला नाही. "चला," एवढंच म्हणाला.

आम्ही चौघं निघालो. नदीवर बर्फ होता. तोमानोव्हाची खोली छोटी होती आणि शेगडीमुळे उबदार. टाकीत झाडं अशी माजली होती की पलीकडची भिंत दिसत नव्हती. "करडी गेली बरं का," तोमानोव्हा म्हणाली. "नाताळात व्याली आणि महिन्याभरात गेली. म्हातारी होती बिचारी. मी तिला खिडकीतल्या कुंडीत पुरली."

स्कोपाल गुडघ्यांवर बसला. चष्मा काढून त्याने नाक काचेला लावलं. आधी काहीच दिसेना. मग शेवाळातून एक करडं पिल्लू बाहेर आलं, नखाएवढं, मग दुसरं, मग झाडीच्या मागून आणखी. जे शेवाळ त्याने काढून टाकायला सांगितलं होतं, त्यातच ती लपून मोठी झाली होती. आमच्या नजरेला सगळी सारखीच. स्कोपाल मात्र पिल्लाच्या पोटामागचा काळसर ठिपका बघून नर की मादी ते सांगतो, हे आमच्या सगळ्या मोराव्हिया प्रांताला ठाऊक होतं.

"ही मादी आहे," तो म्हणाला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "ही पण."

"न्या मग," तोमानोव्हा म्हणाली. "तुमच्याच आहेत. सगळ्या न्या."

तो उठला नाही. काचेवर त्याच्या श्वासाची वाफ धरली होती. तिथूनच, मागे न बघता, त्याने विचारलं, "हेद्विका, आणखी कुणाकुणाला दिल्यास?"

रागाने विचारलं नाही हो. मी तिथे होते. आशेने विचारलं. आपल्या बायकोने इतकी वर्षं आपल्याला फसवलं असावं, गावभर माद्या वाटल्या असाव्यात, अशी आशा होती ती.

"कुणाला नाही. हिला एकटीलाच."

"इतक्या वर्षांत एकच?"

"तुझी भीती वाटायची, विलेम."

तोमानोव्हा खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला रडू आलं, आणि का कोण जाणे, मला स्वतःचाच राग आला. स्कोपाल टाकीला धरून उभा राहिला. त्याचा चेहरा अगदी म्हातारा दिसत होता. त्याने खिशातून जाळी काढली, ती रविवारी त्याच्या खिशात असायचीच, आणि हेद्विकाच्या पुढे धरली.

"मला नाही कळत त्यातलं," ती म्हणाली.

"पहिली जोडी तूच आणली होतीस," तो म्हणाला. माझ्यासमोर म्हणाला, तोमानोव्हासमोर म्हणाला. "तू निवड. बाकीच्या इथेच राहू देत, बाईंकडे. इथे बऱ्या आहेत."

हेद्विकाने बाही वर केली. ती टाकीत वाकून बराच वेळ पाहत होती, आणि तो शेजारी बरणी धरून उभा होता, कुणी नवा माणूस आमच्या टेबलापाशी उभा राहतो तसा, गप्प. मग तिने शेवाळाच्या कडेने जाळी घातली आणि एक पिल्लू बाहेर काढलं. ते बरणीत पडलं, वळलं, आणि उजेडात आलं तेव्हा मलाही दिसलं. पाठ वाकडी होती, आईसारखी.

स्कोपालने ती पाहिली. त्याचे ओठ हलले. मग त्याने बरणी कोटाच्या आत छातीशी धरली आणि तो हेद्विकासाठी दार उघडून बाजूला उभा राहिला.